मदत हवी आहे : कोयना एक्स्प्रेसने पुण्याला येऊन त्याच संध्याकाळी 'सवाई'

नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन कोल्हापूरहून सकाळच्या कोयना एक्स्प्रेसने मिरज, कराड, सातारा असा निवांत प्रवास करत पुण्याला यावे, मुकुंदनगरच्या मैदानावर 'सवाई'चे (सवाई गंधर्व भीमसेन शास्त्रीय संगीत महोत्सवाचे) संध्याकाळचे सत्र ऐकावे आणि मध्यरात्रीनंतर पुण्याहून निघणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने परतावे, असा बेत आहे. बसने वेळ वाचेल हे मान्य आहे, पण आईला रेल्वेची खिडकीच हवी आहे.

गुडघेदुखीमुळे तिला भारतीय बैठक जमणार नाही. खुर्चीचे तिकीट घेतल्यास जागा ठरलेली असते, की लवकर जाऊन धरावी लागते? तसेच कार्यक्रम संपल्यावर गाडी येईपर्यंत स्थानकाच्या प्रतीक्षालयात थांबणे ज्येष्ठांना सोयीचे आहे का? अनुभवी रसिकांनी कृपया सांगावे.