बोटीवरची टिप रद्द केली, बाबांचं चुकलं का?

डोंबिवलीकर१०२

आई-बाबा चार महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आलेत. गेल्या महिन्यात त्यांना घेऊन मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ केली. आम्ही दोघं, आई-बाबा आणि आठ वर्षांचा चिरंजीव. बोट, जेवण, समुद्र, सगळं झकास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण टिप आपोआप हिशेबात लावायचा नियम थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या कंपन्यांचा आहे.

सहाव्या रात्री टीव्हीवर आमचा हिशेब उघडला. रोज माणशी साडेसतरा डॉलर 'क्रू ग्रॅच्युइटी', म्हणजे बोटीवरच्या कामगारांची टिप. पाच माणसं, सात दिवस: ६१२ डॉलर ५० सेंट. चिरंजीवांच्या नावावरसुद्धा! मला हे ठाऊक होतं, बुकिंगच्या कागदात होतं. बाबांना नव्हतं.

बाबा एकतीस वर्षं बेस्टमध्ये होते आणि त्यातली बरीचशी युनियनच्या कामात गेली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "टिप आहे तर आधीच कापतात कशी? आणि पगार आहे तर माझ्याकडून का?" मी काहीतरी पुटपुटलो.

शेवटच्या रात्री जेवण झाल्यावर बाबा "फेरी मारून येतो" म्हणून गेले ते थेट काउंटरवर. तिथे वीस-पंचवीस माणसांची रांग होती. हळूहळू लक्षात आलं की निम्मी रांग त्याच कामासाठी होती. काउंटरवरच्या मुलीने कारणसुद्धा विचारलं नाही. अर्ध्या पानाचा फॉर्म, केबिन नंबर, सही, संपलं. आई-बाबांच्या केबिनचे २४५ डॉलर रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केबिन सांभाळणाऱ्या इंडोनेशियन मुलाला (रोज रात्री टॉवेलचा हत्ती, माकड काय काय करून ठेवायचा) हातात शंभर डॉलर दिले आणि जेवणाच्या टेबलावरच्या वेटरला चाळीस.

हे कळल्यापासून बायकोचा चेहरा उतरला तो घरी येईपर्यंत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणे. मला मात्र वाटतं बाबांचंच बरोबर आहे. ज्याने सेवा केली त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं. पगार द्यायचं काम मालकाचं. तुम्हाला काय वाटतं?

नाकासमोर

असहमत. जोरात असहमत.

२४५ रद्द केले, १४० दिले. म्हणजे १०५ वाचले. तत्त्वाची किंमत १०५ डॉलर आणि ती भरली कोणी? मालकाने नक्कीच नाही.

तिकीट काढताना तुम्हाला ही रक्कम माहीत होती, हे तुम्हीच लिहिलंय. ती धरूनच ती बोट तुम्हाला परवडली. मग बोटीतून उतरताना 'आमचा तत्त्वाला विरोध आहे' म्हणणं म्हणजे खानावळीत ताट चाटूनपुसून खाल्ल्यावर भाताचे पैसे कापून घेण्यासारखं आहे. तत्त्वच होतं तर आधी पत्र लिहायचं, दुसरी कंपनी बघायची. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्या एकट्याच शुद्धीत होत्या असं दिसतंय.

ढगाळ

मी साउथहॅम्प्टनजवळ राहतो, बोटी दारातून जातात. इकडच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये हा रोजचा सेवा आकार बंदच करून टाकला. मनात आलं तर द्या, नाहीतर नको. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या तिकिटात बरीच वर्षं टिप धरलेलीच असायची. सिल्व्हरसी, सीबोर्नसारख्या महागड्या बोटींवर तर हा विषय कधी नव्हताच. म्हणजे तिकिटात धरून धंदा करता येतो. एकही बोट त्यापायी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

मग बाकीचे का करत नाहीत? बाबांचा प्रश्न हाच आहे आणि तो बिनतोड आहे. त्यांनी निवडलेला रस्ता बरोबर होता का, हा वेगळा विषय.

व्याजदर

@ढगाळ, कारण सोपं आहे. जाहिरातीत '४९९ डॉलरपासून' लिहायचं असतं. सगळ्यांनी एकाच दिवशी टिप तिकिटात घातली तर हरकत नाही, पण जो एकटा घालेल तो तुलनेच्या यादीत खाली जाईल. शिवाय एजंटाचं कमिशन निघतं ते मूळ भाड्यावर, ग्रॅच्युइटीवर नाही. रक्कम भाड्याबाहेर ठेवली की तेवढ्यावरचं कमिशनही वाचतं.

आता पुढची गंमत. पुढच्या वेळी बंदरात उतराल तेव्हा बोटीच्या मागच्या बाजूला नाव रंगवलेलं असतं ते बघा. नावाखाली 'नासाऊ', 'पनामा', 'व्हॅलेटा', 'हॅमिल्टन' असं काहीतरी दिसेल. कंपनीचं ऑफिस मायामीत, प्रवासी अमेरिकन, पण बोटीची नोंदणी बहामा, पनामा, माल्टा नाहीतर बर्म्युडाची. बोटीवर कायदा चालतो तो त्या झेंड्याचा. अमेरिकेचं किमान वेतन धक्क्यावरच थांबतं.

यावर आंतरराष्ट्रीय छत्री आहे ती २००६ च्या सागरी कामगार कराराची, लागू २०१३ पासून. त्यात कामाची कमाल मर्यादा दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तास (किंवा सक्तीची विश्रांती मोजायची: दिवसाला किमान १० तास, आठवड्याला ७७). आपल्या कारखान्यांच्या कायद्यात आठवडा ४८ तासांचा. बाबांना हा आकडा नक्की सांगा, त्यांना झोप लागणार नाही.

आल्याचा चहा

थोडं अवांतर. टिपेचं राहू द्या, माझी किटली काढून घेतली त्याचं काय? सिंगापूरहून चार रात्री गेलो होतो, ग्रुप टूरबरोबर. बॅग स्कॅन झाली आणि एवढीशी प्रवासातली किटली जप्त. पावती दिली, उतरताना परत मिळाली, ते खरं. पण सकाळी सहा वाजता आल्याचा चहा नाही म्हणजे सुट्टी कसली? वर त्यांच्या बुफेतला 'चाय' म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी. नियम करणाऱ्यांनी कधी चहा प्यायलाय का?

आणि पहिल्याच दिवशी ती आपत्कालीन कवायत. नारिंगी जॅकेट दाखवतात, आपल्याला कुठे जमायचं ते सांगतात. आम्ही सगळ्या बायका चक्क उन्हात उभ्या.

नाकासमोर

@आल्याचा चहा, किटलीचं दुःख समजू शकते. पण समुद्रात बोटीवरची सर्वांत वाईट गोष्ट आग. तिथे अग्निशामक दलाला फोन लावता येत नाही. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस नावाच्या बोटीला जमैकाकडे जाताना पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. बाल्कनीत कोणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने लागली असावी, असं चौकशीत निघालं. शंभरावर केबिनचं नुकसान झालं, धुराने एक प्रवासी गेला. एक थोटूक, बरं का. त्यामानाने तुमची किटली म्हणजे हजार-दीड हजार वॅट.

कवायतीबद्दल तर बोलूच नका. कोस्टा कॉन्कॉर्डिया जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम २४ तासांत घ्या असा होता. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. आपल्याला हे परक्यांचं वाटतं, पण माझ्या आजोळी रेवसला 'रामदास' बोटीचं नाव अजून हळू आवाजात घेतात. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आजीच्या शेजारच्या घरातलं कोणी त्यात होतं. तेव्हा उन्हात दहा मिनिटं उभं राहायला माझी ना नाही.

आल्याचा चहा

ठीक आहे, कवायत मागे घेते. किटली नाही.

खारा वारा

धागा दोन दिवस वाचतोय. आता लिहितो. मी वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं बोटीवर होतो, आधी लाँड्रीत, मग केबिन स्टुअर्ड. आता गावाला आलोय, पुढच्या काँट्रॅक्टची वाट बघतोय. आमच्याकडे, गोव्याकडे घरटी एक माणूस 'बोटीर आसा', तेव्हा हे मी ऐकीव लिहीत नाही.

माझ्याकडे अठरा केबिनी होत्या. रोज दोनदा. ज्या दिवशी गेस्ट बदलतात तो दिवस वेगळाच. जुने लोक नऊपर्यंत उतरतात, नवे बारा-एकला दारात. मधल्या तीन-साडेतीन तासांत अठरा केबिनींच्या चादरी, संडास-बाथरूम, पलंगाखालचं खेळणं, बाल्कनीतली वाळू. टॉवेलचा हत्ती मी झोपेत करू शकतो. कानांसाठी छोटा नॅपकिन लागतो, तो ओला असेल तर हत्ती रात्रीत मान टाकतो.

आता काकांचं. काकांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नसणार. मी होतो त्या बोटीवर नियम असा: ज्या केबिनने ग्रॅच्युइटी काढली तिची यादी आम्हाला यायची आणि त्या केबिनकडून हातात मिळालेली रोख आम्ही ऑफिसात जमा करायची. ती सगळ्यांच्या वाट्यात जायची. ठेवून घेतली आणि कळलं तर घरी. ज्यांनी काढली नाही आणि वरून दिले, ते पैसे मात्र आमचे. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाच्या हातातले शंभर त्याच्या खिशात गेले, असं धरून चालू नका.

दुसरं. मी पहिली तीन वर्षं लाँड्रीत काढली. डेक शून्य, खिडकी नाही, इस्त्रीची वाफ. एकाही गेस्टने मला कधी बघितलं नाही. भांडी घासणारे, रात्री दोनला जिने पुसणारे, बुफेचा कचरा वेगळा करणारे, यांच्या हातात काका शंभर कसे ठेवणार? त्यांच्यापर्यंत काही पोचतं ते त्या कापलेल्या पैशातून. ज्याने हत्ती केला तो दिसतो. हत्तीचा टॉवेल धुतला तो दिसत नाही.

डोंबिवलीकर१०२

@खारा वारा, हे वाचून बायकोने फोन माझ्या हातात आणून दिला आणि काही न बोलता गेली. रोख जमा करावी लागते हे खरंच माहीत नव्हतं.

पण एक विचारतो. मी त्यादिवशी जे २४५ भरले असते ते पगाराच्या *वर* मिळाले असते की पगाराच्या *ऐवजी*?

खारा वारा

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. माझ्या काँट्रॅक्टमध्ये एक खात्रीचा आकडा होता. मूळ पगार थोडा, बाकी टिपेचा वाटा. वाटा कमी पडला तर त्या आकड्यापर्यंत कंपनी भरून द्यायची. म्हणजे गर्दीच्या महिन्यात तुमचे पैसे आम्हाला वर मिळायचे. मंदीत तेच पैसे कंपनीची भर वाचवायचे. म्हणून काकांचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न काउंटरवरच्या फॉर्मवर विचारला की उत्तर आमच्या खिशातून जातं.

व्याजदर

हे वाचून मी अर्धं पाऊल मागे येतो. आपल्याकडे हॉटेलांच्या बाबतीत हाच वाद झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की बिलात आपोआप सेवा शुल्क लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. पण तिथे ग्राहकाला दुसऱ्या दारातून बाहेर पडता येतं, आणि वेटरला निदान इथल्या कोर्टात जाता येतं. भर समुद्रातल्या लाँड्रीवाल्याने कुठे जायचं?

नाकासमोर

जायचं कुठेच नाही, म्हणून तर निदान आपण कापू नये! आणि मूळ लेखकाला: अजूनही ते १०५ पाठवता येतील का बघा. कंपनीला ईमेल करून मागाहून ग्रॅच्युइटी भरणारे लोक असतात म्हणे.

ढगाळ

म्हणजे पुन्हा तेच. मालक मोकळा, प्रवासी आणि कामगार एकमेकांच्या बोकांडी. तुमचं म्हणणं माणुसकीचं आहे, मान्य. पण अधूनमधून हा आकार वाढवतात आणि आपण माणुसकीने भरत राहतो. लोकांनी रांगा लावून रद्द केलं म्हणूनच कधीतरी कोणी तिकिटात घालेल.

नाकासमोर

तोपर्यंत जिने पुसणाऱ्याने थांबायचं. बरं.

आल्याचा चहा

हे सगळं वाचल्यावर किटलीचा विषय काढल्याची लाज वाटतेय. थोडीशी.

डोंबिवलीकर१०२

काल रात्री बाबांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. नाकासमोर यांच्या खानावळीच्या उदाहरणाला हसले. लाँड्रीचं आलं तेव्हा गप्प झाले, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "फॉर्म भरायची घाई झाली. आधी त्या पोराला विचारायला हवं होतं." यापलीकडे माफीबिफी नाही, ३१ वर्षांत मॅनेजमेंटचीही मागितली नाही म्हणतात.

@खारा वारा, त्यांचा तुम्हाला प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहितो: "युनियन कुठाय तुमची?"

खारा वारा

आहे की काका. हसू नका पण. मी वेंगुर्ल्याचा, बोट बहामाची, ऑफिस मायामीचं आणि आमचा करार नॉर्वेजियन सीफेअरर्स युनियनबरोबर. गावाकडे नुसी आहे, भारतातली खलाशांची युनियन, १८९६ पासूनची. पण माझ्या बोटीच्या पगाराची बोलणी ओस्लोवाले करायचे. वर्गणी पगारातून कापून जायची. त्यांचा माणूस मी अकरा वर्षांत दोनदा बघितला, एकदा मेसमध्ये जेवताना.

डोंबिवलीकर१०२

बाबा विचारताहेत, बोलणीच्या टेबलावर हॉटेल विभागाचा, म्हणजे केबिन-लाँड्रीवाल्यांचा, माणूस असतो का? की सगळे डेक आणि इंजिनवाले?

खारा वारा

काका, हे मी कधी विचारलंच नाही. १४ तारखेला जॉइनिंग आहे. विचारतो आणि इथेच लिहितो. तिथलं इंटरनेट महाग आहे, तेव्हा उशीर झाला तर समजून घ्या.