मॅन्युअल लिहिते, तरी ऑफिसात टायपिस्टच समजतात... काय करू?

मकरपुरावाली
नमस्कार, मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल रायटर आहे, चार वर्षं झाली. इंजिनियर येतात आणि म्हणतात "बेन, हे जरा टाइप करून द्या ना". मी ड्रॉइंग समजून घेते, ऑपरेटरला विचारते, मग लिहिते, पण त्यांच्या लेखी मी टायपिस्टच. गेल्या महिन्यात तर फारच मनाला लागलं. 140 पानांचं मॅन्युअल, डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी मधेच चार पानं वाढली आणि अनुक्रमणिकेतले पुढचे सगळे पान नंबर चुकले, कारण ती मी टिंबं देऊन हातानेच टाइप केली होती. रात्री नऊपर्यंत बसून बदलले तरी दोन राहिलेच, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकावं लागलं की रायटर म्हणवता आणि एवढं पण येत नाही? आता डीटाचा, म्हणजे मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून हवा तिथे पुन्हा वापरायच्या पद्धतीचा कोर्स करावा म्हणतेय, बराच महाग आहे. त्याने तरी किंमत मिळेल का?

रावपुऱ्याचा
ताई, डीटा नंतर बघा, आधी ज्या वर्डमध्ये रोज आठ तास बसता तो हातात घ्या. मथळा नुसता बोल्ड आणि 16 साइज केला तर वर्डला तो मथळा आहे हे कळतच नाही, त्याला हेडिंग 1, हेडिंग 2 ही स्टाइल द्यायची, मग रेफरन्सेसमधून अनुक्रमणिका आपोआप येते. पानं वाढली की कंट्रोल ए, एफ9, झालं. "आकृती 12 पाहा" हेही हाताने लिहू नका, कॅप्शन आणि क्रॉस रेफरन्स टाका, तेही एफ9नेच बदलतात. आकडा ओळीच्या शेवटी आणि त्याचं एकक खालच्या ओळीत असं होत असेल तर मधे कंट्रोल शिफ्ट स्पेस द्या. आणि इंजिनियरने ट्रॅक चेंजेस (बदलांची खूण ठेवणारी सोय) न लावता फाइल परत पाठवली तर रिव्ह्यूमध्ये कंपेअर आहे, त्याने कुठे काय बदललं ते समोर येतं. हे शिकायला कोर्सची फी लागत नाही, एक आठवडा लागतो. सुतार रंधा दुसऱ्याकडून मारून घेत नाही ना, तसंच आहे हे.

सर्व्हिसवाले काका
मी 28 वर्षं साइटवर पॅनल चालू करून दिलेत म्हणून सांगतो बेटा, एफ9ने फजिती टळेल पण मान मिळतो तो फ्लोअरवर. आमच्याकडे एक रायटर मुलगी होती, लिहिलेलं घेऊन पॅनलसमोर उभी राहायची आणि वायरमनला म्हणायची, मी वाचते तसंच करा. एकदा तिच्या लक्षात आलं की कव्हर उघडा ही पायरी आधी आणि सप्लाय बंद करा ही सूचना तिच्या खाली, म्हणजे वाचेपर्यंत माणसाचा हात आत गेलेला. धोक्याची सूचना नेहमी पायरीच्या आधी हवी. त्या दिवसापासून आमचे डिझाइनवाले तिला विचारल्याशिवाय फाइल पुढे पाठवत नसत.

शब्दजुळणी
काकांचं पटतं, पण सगळा भार ताईंवरच टाकू नका. ती चार पानं आदल्या संध्याकाळी का वाढली? डिझाइनमधला बदल रायटरला शेवटी कळतो म्हणून. ताई, बदल कळवणारी चेंज नोट निघते ना, ती ज्यांना जाते त्या यादीत आपलं नाव घालून घ्या, लेखी मागा. यादीत नाव नसेल तर तुम्ही कितीही शिका, फाइल तुमच्याकडे टायपिंगलाच येणार. डीटा चांगलाच आहे, एकच मजकूर दहा मॉडेलमध्ये वापरायचा असेल तर फार कामाचा, पण तुमची अडचण आत्ता ती नाहीये.

मकरपुरावाली
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार बसून 140 पानांना स्टाइल दिल्या, अनुक्रमणिका खरंच एका बटणात आली, आणि काका, तुमचं वाचून सूचना तपासल्या तर तीन ठिकाणी पायरीच्या खाली सापडल्या. ते मी साहेबांना ड्रॉइंगसकट दाखवलं आणि चेंज नोटचंही तेव्हाच बोलले, सोमवारी सांगतो म्हणालेत. आता एकच विचारायचंय, जुनी गुजराती मॅन्युअल युनिकोडमध्ये नाहीत, दुसऱ्या पीसीवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, ती कन्व्हर्ट करावीत की परत टाइप करावीत?

रावपुऱ्याचा
कन्व्हर्ट करा, पण जोडाक्षरं आणि आकडे एकेक डोळ्याखालून घाला. एक पान आधी करून बघा, मगच पुढचं.