ओढ्यात भराव पडतोय, शेजारी 600 फ्लॅट येणार आहेत. आधी कुठे दाद मागावी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात. अडीचशे उंबरे आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. खालच्या अंगाची भातखाचरं गेल्या चार वर्षांत तुकड्यातुकड्यानं विकली गेली. माझ्या काकांनीही विकली. त्यांना मी दोष देत नाही, मजुरी आणि खत धरता भात परवडत नव्हतं. आता तिथे सात इमारतींचा फलक लागलाय.

सगळ्यात जास्त धास्ती पाण्याची आहे. आमची नळयोजना माणशी 55 लिटर धरून आखलेली, आणि मे महिन्यात तेही दिवसाआड येतं. शहरी वस्तीला माणशी 135 लिटर धरतात. घरटी चारच माणसं मोजली तरी 600 फ्लॅटना रोज 3,24,000 लिटर लागतील, म्हणजे दहा हजारांचे 32 टँकर. साइटवरचा माणूस म्हणतो, बोअर मारू. बोअरची खूण केलीय तिथून वाडीची विहीर दीडशे पावलांवर आहे. वाडीतल्या बायकांना पाण्याची दुसरी जागाच नाही. सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत खोदाईवर भूजल कायद्याचे निर्बंध आहेत ना? मग बोअर पडण्याआधीच तक्रार करायची, तर ती तहसीलदारांकडे की भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे?

दुसरं, ओढा. पंधरा दिवसांपूर्वी डंपर यायला लागले आणि ओढ्याचं पात्र निम्म्यावर आलंय. 26 जुलै 2005 ला याच ओढ्याचं पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागलं होतं. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, त्या रात्री वाडीतली माणसं आम्ही शाळेत आणून ठेवली होती. तेव्हा ओढा मोकळा होता. वाडीकडे जाणारी पायवाटही आता पत्रे लावून बंद केलीय. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, एवढं एका निवृत्त तलाठीभाऊंनी सांगितलं. पण वाट गावनकाशावर नाही. जुन्या माणसांचे जबाब चालतील का?

परवानगीचं कोडं वेगळंच. 1 मेच्या ग्रामसभेत आम्ही विरोधाचा ठराव केला, सरपंच म्हणाले परवानगी आपल्या हातात नाही, ती वरून मिळते. पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तिथे बोलू, असं मी सगळ्यांना सांगत होतो. नंतर कळलं की बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी लागतच नाही. माझ्या भरवशावर लोक गप्प बसले, याचं फार वाईट वाटतं. फलकावर सात इमारती आहेत, पण पंचायतीत आलेल्या कागदांत दोनच. एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते. दोन-दोन इमारती दाखवून ती मर्यादा चुकवली जात असेल, तर सगळा प्रकल्प एकच धरा अशी मागणी कुणाकडे करायची? पुण्याच्या हरित लवादात थेट जाता येतं का, की आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केलेला दाखवावा लागतो? मंजुरी मिळालीच तर अपिलाला 30 दिवस असतात, पण ते दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे?

लोकांनी इथे राहायला येऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. मुंबईत घर न परवडणारी माणसंच हे फ्लॅट घेणार, आणि टँकरच्या रांगेत तीही उभी राहणार.

माझ्याकडे सातबारे, गटनकाशा, ठरावाची प्रत आणि भरावाचे तारखेसह फोटो आहेत. माहिती अधिकारात बांधकाम परवानगीची फाइल मागितलीय, तिचं उत्तर यायला महिना जाईल. मृग लागायला तीनच आठवडे उरलेत, म्हणून निदान ओढ्यातला भराव थांबवायचा अर्ज या सोमवारी द्यायचाय. कर्जत, नेरळ, खोपोली भागात कुणी असा अर्ज केला असेल तर त्याचा मसुदा दाखवाल का? वकिलासाठी गावकीच्या फंडातून थोडे पैसे काढायला मंडळी तयार आहेत.