मदत हवी आहे: विभागाची मूल्यं एका पानात कशी मांडावीत?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात प्राणिशास्त्रात पीएचडी करतेय. पुढच्या तुकडीला प्रवेशाच्या दिवशीच विभागाची मूल्यं सांगणारं एक पान द्यायचं ठरलंय आणि मसुद्याचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडे आलंय. पहिल्या खर्ड्यात सचोटी, उत्कृष्टता, सर्वसमावेशकता असे शब्द आहेत. त्यांना कुणाचाच विरोध नाही, पण नव्या मुलीने सोमवारी लॅबमध्ये येऊन काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

माझी मुख्य अडचण आहे ती पेपरवरच्या नावांची. विश्वामित्री नदीच्या गाळातल्या अळ्या मायक्रोस्कोपखाली वेगळ्या करत, मोजत एमएससीची एक मुलगी अख्खा हिवाळा बसली होती. पेपर आला तेव्हा तिचं नाव फक्त आभारात. आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, हिचे लेखक म्हणून नाव लागण्याचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही पुरे व्हावे लागतात. पण मसुदा दाखवलाच नाही तर दुसरा निकष ती पुरा करणार कशी? पहिला निकष पुरा करणाऱ्याला पुढची संधी द्यायलाच हवी, असं तिथेच म्हटलंय. आमच्या पानात ही ओळ मला ठळक हवी आहे. नावांचं बोलणं प्रयोग सुरू होण्याआधी व्हावं आणि लेखी राहावं.

दुसरं, फसलेले प्रयोग. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही, तरी 'चांगला' निकाल दाखवायचं दडपण आहेच. म्हणून बिघडलेल्या जेलचा (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करून पाहायच्या थराचा) फोटोही तारखेसह वहीत चिकटवायचा, पान फाडायचं नाही, असं स्पष्ट लिहावं म्हणते.

अडले आहे ते तक्रारीपाशी. यूजीसीच्या त्याच नियमांनुसार संशोधन सल्लागार समितीचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, निमंत्रक गाईडच असतो. मग गाईडबद्दलच काही सांगायचं असेल तर विद्यार्थ्याने जायचं कुणाकडे? तुमच्याकडे दुसऱ्या विभागातले कुणी प्राध्यापक यासाठी नेमलेत का? मुलं त्यांच्याकडे खरंच जातात का?

इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनीही जरूर लिहा. मसुदा शुक्रवारी विभागप्रमुखांकडे द्यायचाय. तुमच्या पानातलं एखादं वाक्य जसंच्या तसं दिलंत तरी फार मदत होईल.