चीड (हिमालयातला पाइन) आपोआप हटेल आणि बांज (तिथला ओक) येईल, हे कुठवर खरं मानायचं?

रानवाटा:
उत्तराखंडातल्या कुमाऊं-गढवालच्या जंगलांवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं, जंगलाला हात लावू नका, आज चीड आहे, उद्या त्याच्या सावलीत बांज उगवेल. मला हे अजिबात पटत नाही. चीड ही मधली पायरी आहे हे मान्य, पण ती पायरी अडकलीय. पिरूल, म्हणजे चीडच्या सुया, सगळ्यात जास्त गळतात मार्च ते मे मध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, मग वणवा आला की मोठा चीड जाड सालीमुळे वाचतो आणि बांजचं कोवळं रोप जमिनीलगत जळून जातं, वर राख झालेल्या मोकळ्या जमिनीवर पंखवालं बी पडतं तेही चीडचंच. मग हात न लावणं म्हणजे कोणाच्या बाजूने उभं राहणं झालं? माझं मत सरळ आहे, जिथे आधी बांज होता तिथे चीड विरळ करा आणि बांज लावा.

कातळफूल:
सपशेल असहमत. चीडला उपरा ठरवू नका. चॅम्पियन आणि सेठ यांच्या भारतातल्या जंगलांच्या 1968 च्या वर्गीकरणात हिमालयातला चीड उपोष्ण जंगलांचा वेगळा गट आहे आणि बांज समशीतोष्ण गटात येतो. खालच्या उंचीवर, दक्षिणेकडच्या तापणाऱ्या उतारावर चीडच मूळचा, तिथे बांज लावून हातात काय येणार? आणि विरळ करायचं म्हणता, पण चीडच्या रोपाला ऊनच तर हवं असतं! छत उघडलं की खाली चीडचीच गर्दी, नाहीतर घाणेरी. बांज गेला तो कुऱ्हाडीने आणि चाऱ्यासाठी फांद्या ओरबाडल्याने, साहेबाच्या काळात तर राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी चीडलाच झुकतं माप मिळालं. कारण माणूस, आणि शिक्षा झाडाला?

ओलीमाती:
दोघांचंही गृहीतक एकच दिसतंय, की जंगलाची वाट ठरलेली असते. 1916 मध्ये क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने तसंच मांडलं होतं, ग्लीसनने 1926 मध्ये ते खोडून काढलं, प्रत्येक जात आपापल्या गरजेने येते म्हणाला. पुढे 1977 मध्ये कॉनेल आणि स्लॅटियरने सांगितलं की आधी आलेली झाडं पुढच्यांना मदत करू शकतात तशी अडवूही शकतात. हिमालयात दोन्ही दिसतं. दरड कोसळलेल्या ओलसर जागी उतीस (आल्डरचं झाड) येतो, त्याच्या मुळांच्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, माती सुधारते, ही झाली मदत. चीडचं उलट. 1984 मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, त्यात मांडलं होतं की चीडच्या पाचोळ्यात नायट्रोजन कमी, तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलाच नायट्रोजन अडकवून ठेवतात, आणि बांजला परत यायला तो पुरत नाही. आग नसली तरी ही अडवणूक आहेच.

रानवाटा:
@कातळफूल, खालच्या उंचीचं आणि दक्षिण उताराचं मान्य, तिथे माझा हट्ट नाही, छत उघडण्याचा मुद्दाही बरोबर आहे, सरसकट विरळ करणं मी मागे घेते. पण उत्तरेकडच्या ओल्या उतारावर मी स्वतः पिरूलचा थर हाताने बाजूला करून बघितलाय. वर नुसत्या सुयांची निसरडी चटई, आणि खाली बांजचं वीतभर रोप, पानाची पाठ पांढुरकी लवदार, बुंध्याशी जुने तीन काळे खुंट आणि त्यांच्या शेजारून नवा फुटवा. ते रोप मुळातून पुन्हा पुन्हा उठत होतं हो, त्याला डोकं वर काढायला तेवढा वेळच कोणी दिला नव्हता.

कातळफूल:
मग रोपं लावायचा प्रश्न येतोच कुठे? बांजचं बी सुकलं की मेलं, नर्सरीच्या भानगडीपेक्षा जे फुटवे आहेत ते सांभाळा. पिरूल उन्हाळ्याआधी गोळा करा, त्या तुकड्यात चराई आणि फांदीतोड थांबवा, आणि चीड उभा राहू दे, सावलीला.

रानवाटा:
सावलीला ठीक आहे, पण ओलीमाती म्हणतायत तो नायट्रोजनचा प्रश्न सावलीने सुटत नाही. आणि फांदीतोड थांबवा म्हणणं सोपं आहे, बांजचा पाला हा तिथल्या गुरांचा हिवाळ्यातला हिरवा चारा आहे, चीडची सुई गाय खात नाही. आधी चाऱ्याची दुसरी सोय सांगा, मग मी तुमच्या बाजूला येते.