प्रति: स्वयंसेवक टिकत का नाहीत?
प्रमाणपत्र, टी-शर्ट आणि वर्षातून एक स्नेहमेळावा केला की स्वयंसेवक टिकतात, असं वर दोघांनी लिहिलंय. मला हे अर्धंच पटतं. मी सात-आठ वर्षं अंध विद्यार्थ्यांची लेखनिक (रायटर) म्हणून, ते सांगतील तसा, त्यांचा पेपर लिहितेय. तीन तासांच्या पेपरला तासामागे २० मिनिटं जादा, म्हणजे सलग चार तासांची बैठक, तीही ऑफिसची रजा टाकून. पहिल्या संस्थेकडून एकच मेसेज यायचा, 'उद्या १० वाजता रायटर हवाय, अर्जंट.' पेपर झाला की सामसूम. एकदा केंद्रावर पोचले तर पेपर पुढे ढकललेला, आणि हे मला सांगितलं कोणी, तर गेटवरच्या वॉचमनने! प्रमाणपत्रं मात्र चार आहेत. एकावर आडनाव चुकलंय.

आता जिथे जाते तिथल्या ताई आठवडाभर आधी विद्यार्थ्याशी फोन जोडून देतात. तो किती भरभर सांगतो, उत्तर परत वाचून दाखवायला लागतं का, हे आधीच कळतं. आणि निकाल लागला की न विसरता कळवतात. मागच्या वर्षी 'अर्थशास्त्रात ६१' एवढाच मेसेज आला. प्रत्येक उत्तर संपलं की 'खाली रेघ मारा ताई' म्हणणारा तो मुलगा. तो मेसेज मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले. पहिल्या संस्थेच्या टी-शर्टाने तोवर घरची फरशी पुसली जात होती.