खर्ज पहाटे पाचलाच का? उशिरा झोपणाऱ्यांनी रियाज कधी करावा?

मिरजेची_रातराणी

नमस्कार. प्रश्न गाण्याचा आहे आणि झोपेचाही.

राहायला मिरजेत, नोकरी सांगलीला एका पतसंस्थेत. लग्नाआधी गाण्याच्या ‘मध्यमा पूर्ण’पर्यंत परीक्षा दिल्या होत्या. मग संसारात गाणं मागे पडलं ते पडलंच. आता चाळिशीच्या तोंडावर पुन्हा शिकायला लागले आहे. गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांचं म्हणणं एकच: खर्ज भरायचा, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर घोटायचे, तर पहाटे पाचला तानपुऱ्यावर बसायचं, दुसरी वेळ नाही.

आणि मी पडले घुबड. दहावीचा अभ्याससुद्धा रात्री अकरानंतरच व्हायचा. आई पहाटे साडेचारला उठवायची तेव्हा मी भिंतीला टेकून पेंगायचे. आजही दहानंतर डोकं लख्ख चालतं. ताळेबंदातली न जुळणारी बाकी दुपारी तीनला काही केल्या सापडत नाही, ती रात्री ओटा पुसताना आठवते.

घरचं वेळापत्रक असं: चिरंजीव यंदा पाचवीत गेले. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारी आदेश २०२४ मध्ये निघाला, त्याचं सुख आम्ही भोगलं. आता पाचवीला ७.२०ची घंटा. नळाला पाणी सहाला. म्हणजे सहाला उठणं आहेच, आणि आडवी होईपर्यंत साडेबारा वाजतात. रविवारी मात्र एकला झोपते आणि सकाळी साडेआठपर्यंत ताणून देते. त्यावर सासूबाई काही बोलत नाहीत, पण मिक्सर नेमका तेव्हाच लावतात.

पावणेपाचचा गजर लावून बघितला. मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा ‘सा’) लागतो, खाली उतरायला लागलं की आवाज फाटतो. डोळ्यांवर झापड, तानपुऱ्याची पंचमाची तार सुरातून हललीय हेसुद्धा लवकर कळत नाही. दुपारी काउंटरवर जांभया.

तर खर्ज रात्री भरला तर चालेल का? की पहाटेत खरंच काही आहे? आणि झोपेची वेळ मागे आणता येते का? ‘मनावर घेतलं की होतं’ एवढं सोडून काहीही सांगा.

पैलवान_गडी

ताई, राग मानू नका, पण मनावर घेतलं की होतंच. आमचे वडील साखर कारखान्यात पाळीला होते. आज दिवसपाळी, पुढे रात्रपाळी. तीस वर्षं काढली, कधी कुरकुर नाही. लवकर निजे, लवकर उठे. बाकी सगळे लाड.

रात्रपाळीची_सिस्टर

पैलवानदादा, वडिलांनी कुरकुर केली नसेल, शरीर करतं. पाळ्या बदलत राहणाऱ्या लोकांत मधुमेह, हृदयविकार, पोटाच्या तक्रारी जास्त आढळतात. मी अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या आहेत. पहाटे चारच्या सुमाराला इंजेक्शनची मात्रा दोघींनी मिळून बघायची असा आमचा दंडक होता, तो उगाच नव्हता.

रातराणीताई, तुमचं घड्याळ उशिराचं आहे, तो आळस नाही. मेंदूत एक बारकासा पेशींचा पुंजका असतो, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशीच्या आत असं घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं, आणि ते काम झालं होतं फळमाश्यांवर. माणसाचं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित रेंगाळतं, म्हणून रोज त्याला उजेड दाखवून जागेवर आणावं लागतं. कुणाचं लवकरचं, कुणाचं उशिराचं, हे बऱ्याच अंशी उपजत असतं. वयानेही सरकतं: विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा, मग हळूहळू लवकर. गुरुजी सत्तरीचे असतील तर त्यांना पाचला गजर लागतच नसणार.

आता महत्त्वाचं. उजेड किती यापेक्षाही तो कधी मिळतो याला जास्त किंमत. आपण गजराशिवाय ज्या वेळी उठतो, त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्यानंतरच्या उजेडाने घड्याळ लवकरकडे येतं, त्याआधीच्या उजेडाने उशिराकडे जातं. तुम्ही मोकळ्या दिवशी साडेआठला उठता, म्हणजे तुमच्या तापमानाचा तळ साडेपाच-सहाच्या आसपास. पावणेपाचला उठून ट्यूबलाइटखाली बसलात तर गाडी उलट दिशेला जाऊ शकते.

म्हणून पहाटे पाच तूर्त विसरा. शाळा जवळ असेल तर पोराला सोडायला चालत जा. ढगाळ सकाळीसुद्धा उघड्यावर घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो. हिवाळ्यात मात्र पंचाईत आहे, कारण तुमच्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, पण जानेवारीत सातच्या पुढे. तेव्हा परतीच्या वाटेवर जरा रेंगाळा. रात्री दहानंतर स्वयंपाकघरातला पांढरा दिवा बंद करून पिवळा लावा. संध्याकाळचा चहा सोडा, कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास घेतं. झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनीच मागे आणा, एकदम साडेदहाला अंथरुणात शिरलात तर नुसत्या कूस बदलत राहाल.

आणि तो रविवार. एरवी साडेबारा ते सहा, म्हणजे झोपेचा मध्य सव्वातीनला. रविवारी एक ते साडेआठ, मध्य पावणेपाचला. फरक दीड तासाचा, आपल्या आणि दुबईच्या वेळेत आहे तेवढाच. दर रविवारी तुम्ही दुबईला जाता, सोमवारी परत, आणि खजूरसुद्धा आणत नाही. ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात ते हेच. रविवारी सातला उठा, हवं तर दुपारी अर्धा तास पडा. खरं सांगायचं तर खर्जाआधी मला तुमच्या साडेपाच तासांच्या झोपेची काळजी वाटते. त्यात आणखी सव्वा तास कापू नका.

जवारी_काका

झोपेचं सिस्टरबाईंनी सांगितलं. आता खर्जाचं.

उठल्या उठल्या आवाज दिवसातला सगळ्यात खालचा आणि जड असतो. रात्रभर गळ्याला काम नसतं, स्वरतंतू किंचित सुजल्यासारखे असतात. म्हणून मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरणं तेव्हा सोपं जातं. पण हा गुण झोपेतून उठण्याचा आहे. सातला उठलात तर तो आवाज सातला मिळेल. चहा झाला, फोन झाला, पोराला दोन हाका मारून झाल्या की गेला.

तेव्हा उठायचं, चूळ भरायची, कोमट पाणी प्यायचं आणि कुणाशीही न बोलता बसायचं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मध्य षड्जावरून मंद्र नी, ध, प असं एकेक स्वर उतरत जा. प्रत्येक स्वर एका श्वासात, हलका. स्वराऐवजी घरघर यायला लागली की थांबा, खाली दाबून काही काढायचं नाही. तुमची पट्टी (म्हणजे ‘सा’ धरायचा सूर) पेटीवरच्या काळी चारच्या आसपास असेल तर मंद्र मध्यम (खालचा ‘म’) स्वच्छ लागला तरी खूप मिळवलं. आवाज फाटतोय ते बहुतेक अर्धवट झोपेत जोर लावल्यामुळे. आणि रात्री जुळवून ठेवलेला तानपुरा सकाळच्या हवेत हलतोच. लगेच खुंटीला हात घालू नका, आधी तारेवरचे मणी सरकवून बघा.

पहाटेचा आग्रह शांततेसाठीही होता, त्या वेळी घरात कुणी हाक मारत नाही. पण ती मंडळी रात्री नऊला निजायची. पाच तेवढा लक्षात राहिला, नऊ विसरला.

रात्रीचं म्हणाल तर ती वेळ फुकट कशाला घालवता? दरबारी, मालकंस हे रात्रीचे राग तुमच्याच वेळेचे. दरबारीचा आलाप तर मुळी मंद्रातच खुलतो. साडेदहाला मंद्र धैवतावर (खालच्या ‘ध’वर) शांतपणे आंदोलन घेत, म्हणजे स्वर हलकेच झुलवत, बसा, मग ‘खर्ज रात्री चालेल का’ हा प्रश्न अर्धा सुटतो. मोठ्याने नको, ताना नकोत, त्याने झोप उडेल. शेजारी कटकट करत असतील तर अ‍ॅपचा तानपुरा लावा. फक्त सतारमेकरांच्या गावात हे कुणाला सांगू नका.

मिरजेची_रातराणी

सिस्टर, काका, मनापासून आभार. ‘पाच लक्षात राहिला, नऊ विसरला’ हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या हसल्या. मिक्सरबद्दल आश्वासन मिळालेलं नाही.

आता असं ठरवतेय: उठायचं पावणेसहाला, झोपायचं हळूहळू साडेअकरावर आणायचं. पंधरा मिनिटं खर्ज आणि मग पाणी. सहाला मोटर सुरू झाली की तसंही काही ऐकू येत नाही. तिचा घुमारा माझ्या षड्जापेक्षा किंचित उतरलेला आहे, त्याच्याशी जुळवायला गेलं की मीच बेसूर होते. (काका, पट्टी काळी चारच.) रात्री दरबारी. गुरुजींना कसं सांगायचं ते अजून ठरत नाही. ते घड्याळ विचारतात, स्वर नंतर ऐकतात.

जवारी_काका

मोटरचं बरोबर आहे तुमचं. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, तिचा घुमारा शंभरचा. काळी चारचा खालचा षड्ज १०४च्या जवळ. फ्रिजही त्याच सुरात गातो, रियाजाची खोली स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

गुरुजींना काही सांगू नका. महिनाभर मंद्र मध्यम नीट लावा आणि एकदा समोर बसून म्हणा. विचारलं तर ‘उठल्या उठल्या करते’ म्हणायचं, ते खरंच आहे.

पैलवान_गडी

सिस्टर, तुमचं वाचून घरी विषय काढला. वडिलांना मधुमेह आहेच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून रात्री दोनला उठून बसतात आणि आईकडे चहा मागतात. आम्ही सवय म्हणून सोडून दिलं होतं. काही करता येईल का?

रात्रपाळीची_सिस्टर

दादा, आधी हे बघा की लघवीला उठावं लागतं म्हणून जाग येते का. तसं असेल तर साखर तपासून डॉक्टरांना दाखवा, बाकीचं नंतर.

तसं नसेल तर झोपतात कधी ते सांगा. जेवून साडेसातला आडवे होत असतील तर दोनपर्यंत त्यांची झोप झालेलीच असते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, आणि संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत बाहेर अंगणात किंवा पारावर बसू द्या. संध्याकाळच्या उजेडाने घड्याळ उशिराकडे सरकतं, त्यांना तेच हवंय. दोनला चहा मात्र आईंनी करू नये. पाणी द्यावं, दिवा मंद ठेवावा. आठवड्याभराच्या झोपायच्या-उठायच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि इथे टाका, मग बघू.